सातव्या-आठव्या महिन्यात बरगड्या दुखणं: काय करता, आणि कधी दाखवायला जायचं?

रानजाई
नमस्कार मैत्रिणींनो. पहिलंच बाळंतपण, ३१वा आठवडा चालू आहे. उजव्या बाजूला, छातीच्या खाली, शेवटच्या दोन-तीन बरगड्यांच्या कडेला सारखं दुखतंय. सकाळी उठते तेव्हा काही नसतं. दुपारी डबा खाऊन लॅपटॉपसमोर बसले की सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत असं वाटतं की आतून कुणीतरी बरगडी बाहेर ढकलतंय. लोकलनं घरी येताना तर फारच दुखतं. उभी राहिले, हात वर केला की जरा सुटल्यासारखं होतं. बाळ हललं की नेमकी त्याच जागी कळ येते. रात्री डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय, पण थोड्या वेळात बरगड्या इतक्या अवघडतात की उठून बसावं लागतं.

मागच्या तपासणीत डॉक्टरांना सांगितलं. "बाळ वाढतंय, होतं असं" म्हणाल्या. बाहेर मोठी रांग होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. सासूबाईंच्या मते उसण भरलीय, आईच्या मते पित्त. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आराम पडायला तुम्ही काय केलंत? आणि हे साधं दुखणं आहे की दुसरं काही, ते कशावरून ओळखायचं?

अबोली
अगं, माझी हीच बाजू आणि हीच वेळ होती. दुपारचं जेवण झालं की खुर्चीत बसवायचं नाही. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो खुर्चीवर उलटं बसण्यानं. म्हणजे पाठ टेकायची ती बाजू पुढे घ्यायची, तिच्यावर उशी ठेवायची आणि दोन्ही हात त्या उशीवर टाकून पुढे रेलायचं. पोट मोकळं लोंबतं, बरगड्यांवरचा भार जातो. चाकाची खुर्ची मात्र नको, साधी लाकडी किंवा प्लास्टिकची घे, घसरणार नाही अशी.

दुसरं म्हणजे ब्रा. छातीचा घेर वाढतो आणि आपण जुनाच नंबर घालत राहतो. तार असलेली असेल तर ती नेमकी दुखऱ्या जागेवर रुतते. मागे जोडायची हुकांची वाढीव पट्टी दुकानात अगदी स्वस्तात मिळते, तिनं सुद्धा खूप सुटसुटीत वाटतं. मी नंतर सरळ दूध पाजण्यासाठीच्या ब्रा आधीच घेऊन टाकल्या, त्या मऊ असतात आणि पुढेही लागतातच.

चिंगी_डोंबिवली
लोकलचं तू लिहिलंस ते वाचून मला माझे ते महिने आठवले. बसायला जागा मिळाली तरी दोन बायकांच्या मध्ये खांदे आवळून बसावं लागतं, आणि त्यानं जास्त दुखतं. मी खिडकीशेजारची जागा मागून घ्यायचे. सातवा-आठवा महिना दिसत असतो, बायका देतात. तिथे बसून दुखऱ्या बाजूचा हात डोक्यामागे घेता येतो. ऑफिसनं परवानगी दिली तर गर्दीच्या आधीची गाडी धर. गर्दीत उभं राहू नकोस, कोपर लागलं तर त्याच जागी लागेल.

घरी सलवारची किंवा परकराची नाडी बघ. ती पोटाच्या वर, बरगडीखाली बांधायची सवय असेल तर खाली घे. नाहीतर पोटपट्टीवाले कपडे घाल.

माईआजी
रानजाई, तुझ्या आईचंही चूक नाही आणि सासूबाईंचंही नाही. या दिवसांत पित्तही वर येतं आणि उसणही भरते. आमच्या वेळी उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत. माझा धाकटा दीर पायाळू, तो आळीभर फिरायचा. बायकांना त्यानं बरं वाटायचं, एवढं खरं.

मी सांगेन ते असं. जेवण एकदम भरपेट नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. रात्री वरणभात, मऊ भाजी, लवकर. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, शतपावली करायची. खोबरेल तेल कोमट करून बरगडीवर हलक्या हातानं लावून घे आणि वरून शेक. खूप दुखलं तर थोडा बाम चोळ. आणि डोहाळजेवण असेल तर तासन्‌तास झोपाळ्यावर किंवा पाटावर बसवून ठेवू देऊ नकोस. हौस होऊ दे, पण बायकांना सांग, मला उठावं लागेल.

डॉ. पंचगंगा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात. रांगेमुळे राहून गेलेलं उत्तर इथे सविस्तर देते.

आधी का दुखतं ते. गर्भपिशवी ३६व्या आठवड्याच्या सुमाराला छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत पोचते. पण बरगड्या त्याच्या कितीतरी आधीपासून बदलायला लागतात. संप्रेरकांमुळे सांधे आणि अस्थिबंध सैल पडतात, खालच्या बरगड्या बाहेरच्या बाजूला उघडतात. दोन्हीकडच्या बरगड्यांच्या कडांमधला कोन गरोदरपणाआधी सुमारे ६८ अंश असतो, तो दिवस भरेपर्यंत सुमारे १०३ अंशांपर्यंत जातो. छातीचा घेर ५ ते ७ सेंटिमीटर वाढतो. श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकतं. म्हणजे बरगड्यांमधले स्नायू, पुढची कूर्चा आणि पोटाचे स्नायू जिथे बरगडीला चिकटतात ती जागा, हे सगळं ताणलेलं असतं. त्यात स्तनांचं वजन वाढतं आणि पाठ पुढे वाकते. अशा वेळी पोक काढून बसलं की बरगडीची कड गर्भपिशवीवर टेकते आणि दुखतं. उभं राहिल्यावर तुला बरं वाटतं ते यामुळेच.

उजवीकडेच का? बऱ्याच बाळांची पाठ आईच्या डाव्या बाजूला असते, डोकं खाली. मग पाय उजव्या बरगडीखाली येतात. बाळ डोकं वर करून बसलेलं असेल तर कठीण, गोल डोकं बरगडीखाली जाणवतं. पुढच्या तपासणीत बाळाचं डोकं कुठे आहे ते विचार.

आता ओळखायचं कसं. स्नायूंचं दुखणं बसण्या-उठण्यानं बदलतं. कूस बदलली, हात वर केला, चाललं की कमी होतं. बोटानं दाबलं तर "इथेच" असं दाखवता येतं. याला घाबरायचं कारण नाही.

पण उजव्या बरगडीखाली किंवा छाती-पोटाच्या मध्ये, पित्ताच्या जागी, सतत दुखत असेल, कसंही बसलं तरी फरक पडत नसेल, सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांसमोर काजवे चमकत असतील किंवा धूसर दिसत असेल, मळमळ-उलटी असेल, चेहरा किंवा हात एकदम सुजले असतील, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायचं. २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला तर आम्ही प्री-एक्लॅम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर आजाराच्या, दृष्टीनं बघतो. त्यात यकृताला सूज येते, त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि ते दुखणं बरोबर उजव्या बरगडीखाली येतं. यातली सगळी लक्षणं एकदम असतीलच असं नाही. नुसतं दुखणं असेल पण ते हटत नसेल, तरीही तपासा.

माईंचा मान राखून एक सांगते. बाम नको. बहुतेक बामांमध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते कातडीतून रक्तात जातं. डायक्लोफिनॅकचं जेल किंवा फवारा सुद्धा स्वतःच्या मनानं लावू नका. पोटात घ्यायच्या वेदनाशामकांचं तर फारच महत्त्वाचं आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळायच्या. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायचा धोका असतो. घरात डोकेदुखीसाठी असलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही आपल्या डॉक्टरांना विचारून.

शेक चालेल. कोमट पिशवी, टॉवेलात गुंडाळून, बरगडीवर किंवा पाठीवर, दहा-पंधरा मिनिटं. पोटावर ठेवायची नाही.

माईआजी
डॉक्टर, बामाचं मला माहीत नव्हतं. माझ्या नातसुनेला आजच सांगते. पोरींनो, त्या म्हणतात तेच ऐका.

शेवंती
हा धागा बघून लिहिल्याशिवाय राहवेना.

मला ३४व्या आठवड्यात रात्री जेवल्यावर छातीच्या खाली मध्यभागी आणि उजवीकडे दुखायला लागलं. घरात सगळ्यांनी पित्तच धरलं, कारण त्या दिवशी पुरणपोळी होती. पित्ताची गोळी घेतली, थंड दूध प्यायले, फेऱ्या मारल्या. काहीच फरक नाही. दुखणं एकसारखं, आवळून धरल्यासारखं, पाठीत जाणारं. उलटी झाली. माझ्या जाऊबाई लॅबमध्ये काम करतात. त्यांनी विचारलं, डोकं दुखतंय का? दुखत होतं, पण मी ते जागरणाचं समजत होते. त्यांनी हट्टच धरला की आत्ता निघायचं.

दवाखान्यात रक्तदाब १६०/११०. लघवीत प्रथिन. रक्तात प्लेटलेट घसरलेल्या आणि यकृताचे आकडे वर. डॉक्टरांनी हेल्प सिंड्रोम सांगितलं, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाचाच गंभीर प्रकार. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन सुरू केलं आणि पहाटे सिझेरियन झालं. मुलगी काही दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती बालवाडीत जाते आणि अखंड बडबडते.

आधीच्या तपासणीत माझा रक्तदाब चांगला होता. म्हणून सांगते, मागच्या वेळचा आकडा बघून आज निर्धास्त राहू नका. मी आता ओळखीतल्या प्रत्येक गरोदर बाईला विचारते, वर दुखतंय का, आणि कूस बदलल्यावर थांबतं का.

रानजाई
शेवंती, वाचून अंगावर काटा आला. लिहिलंस म्हणून खूप आभार. मुलीला माझा पापा.

माझं दुखणं उभं राहिल्यावर आणि कूस बदलल्यावर कमी होतं, डोकं दुखत नाही. तरी आज ऑफिसमधल्या वैद्यकीय खोलीत रक्तदाब मोजून घेतला, ११६/७४ आहे. डॉ. पंचगंगा, एवढ्यानं निश्चिंत व्हायचं का? आणि पित्त आणि बरगडी यातला फरक कसा कळतो?

डॉ. पंचगंगा
आजपुरतं हो. दुखण्याचं रूप बदललं तर पुन्हा मोजायचं. घरी यंत्र असेल तर बसून, पाठ टेकून, पाच मिनिटं शांत राहून मग मोज. दंड हृदयाच्या उंचीला हवा. पट्टा दंडाच्या मापाचा असावा, लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वर दिसतो.

पित्त म्हणजे जळजळ. ती छातीच्या मधोमध, घशाकडे येणारी, आडवं झालं की वाढणारी. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे जठराच्या तोंडाची झडप सैल होते आणि त्यात खालून गर्भपिशवीचा दाब, म्हणून आंबट वर येतं. डोक्याकडची बाजू उंच करून झोपलं की कमी होतं. पित्ताशयातले खडे हा वेगळा प्रकार आहे, गरोदरपणात ते होण्याचं प्रमाण वाढतं. तेलकट-तुपकट खाल्ल्यावर उजवीकडे जोराची कळ येते, उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. सोनोग्राफीत दिसतात.

आणखी काही सांगून ठेवते. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि मागून बरगडीखाली दुखणं, म्हणजे मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग असू शकतो, त्याला लगेच उपचार लागतात. श्वास आत घेताना सुरी खुपसल्यासारखं दुखणं, एकदम धाप, एका पायाच्या पोटरीला सूज, हे फुफ्फुसात गुठळी गेल्याचं लक्षण असू शकतं, तिथे क्षणभर थांबायचं नाही. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि मग पुरळ आलं तर ती नागीण. हातापायांच्या तळव्यांना रात्री खूप खाज येत असेल आणि पुरळ काहीच नसेल तर यकृताची तपासणी करून घ्यायची. यातलं काहीही "दिवस भरत आलेत, होणारच" म्हणून सोडू नका.

फिजिओ_मुक्ता
मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर बायकांसोबतच बहुतेक काम करते. डॉक्टरांनी तपासून स्नायूंचंच आहे म्हटलं असेल तर खालचं करून बघा.

बसण्यापासून सुरू करते, कारण दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. खुर्ची अशी उंच करा की गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली राहतील. कमरेमागे छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल. लॅपटॉप डब्यांवर, पुस्तकांवर ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणा, कीबोर्ड वेगळा जोडा. मान खाली गेली की छाती आत जाते आणि बरगडी पोटावर बसते. अर्ध्या तासानं उठायचं, पाणी प्यायला जायचं. सोफा टाळा, त्यात माणूस बुडतो. भाजी निवडायची, लसूण सोलायचा तर खाली मांडी घालून वाकण्याऐवजी टेबलाशी बसा. मांडीच घालायची असेल तर पाटावर किंवा घट्ट उशीवर बसून, पाठ भिंतीला.

व्यायामात मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो असा. भिंतीला दुखरी बाजू नसलेला खांदा टेकून उभं राहा, दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावरून भिंतीकडे न्या, कुशीचा ताण जाणवेल तिथे थांबा. तीन-चार संथ श्वास घ्या. श्वास दुखऱ्या बरगडीत भरतोय अशी कल्पना करा, बोटं तिथे ठेवा म्हणजे कळतं. कळ आली तर तिथेच सोडा, ओढायचं नाही.

मार्जारासन चांगलं. गुडघे आणि तळहात टेकून, पाठ वर गोल करायची, मग सरळ. खाली खोलगट करू नका, या महिन्यांत कंबर आधीच पुढे गेलेली असते. या अवस्थेत पोट खाली लोंबतं, बरगड्यांना तेवढीच सुटी मिळते. गुडघे दुखत असतील तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून पुढे वाकून हेच करता येतं. मोठ्या चेंडूवर छाती टाकून गुडघ्यांवर बसणं हेही तसंच.

पाठीवर सपाट पडून काहीही करू नका. गर्भपिशवीचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते.

झोप. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपायचं, हे खरं. पण उजवी कूसही चालते, डावीच हवी असा हट्ट नको. रात्रभर एकाच बाजूला राहिलं की त्या बाजूच्या बरगड्या आंबतात. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली पातळ उशी किंवा चादरीची घडी, पाठीमागे एक लोड. वरचा हात पुढे घेतलेल्या उशीवर टाका, नाहीतर तो छातीवर पडून बरगड्या दाबतो. डोक्याकडची बाजू थोडी उंच केली की पित्तालाही बरं. मध्येच जाग आली आणि पाठीवर वळलेलं दिसलं तर घाबरू नका, पुन्हा कुशीवर वळा.

कुशीवरून उठताना आधी पाय खाली सोडा, मग हातानं रेटा देऊन उठा. सरळ उठायला गेलं की पोटाचे स्नायू बरगडीला ओढतात आणि चमक भरते.

सह्याद्रीकर
माझ्या बायकोसाठी विचारतोय, तिचा २९वा आठवडा आहे. तिला सर्दी-खोकला झाला आणि खोकताना डाव्या बरगडीत कळ येते, डोळ्यांत पाणी येतं तिच्या. मेडिकलवाल्यानं पोटाला बांधायचा पट्टा दिलाय. तो बांधायचा का? मला रात्री तिच्याजवळ बसून राहण्याशिवाय काही सुचत नाही.

फिजिओ_मुक्ता
पोटाचा पट्टा हा पोटाला खालून आधार द्यायला असतो, कंबर आणि ओटीपोटाच्या दुखण्यासाठी. तो वर सरकला किंवा घट्ट बांधला तर पोट वर ढकलतो आणि बरगड्यांचं दुखणं वाढतं. बरगड्यांभोवती तर काहीच आवळू नका, श्वास उथळ होतो आणि कफ आत राहतो.

खोकला येणार असं वाटलं की तिला बसती करा, थोडं पुढे वाकू द्या, आणि दुखऱ्या बाजूला उशी घट्ट दाबून धरायला सांगा. तुम्ही जवळ असाल तर तुमचा तळहात तिथे आधाराला ठेवा. हे तुमच्या हातून होणारं मोठं काम आहे. कोमट पाणी, वाफ. खोकल्याचं औषध डॉक्टरांनाच विचारून.

जोरानं खोकताना बरगडीला बारीक चीर जाऊ शकते. एका बोटाएवढ्या जागेवर हात लावू देत नसेल, श्वासागणिक दुखत असेल तर दाखवून या. तापही असेल तर उद्यावर ढकलू नका.

सह्याद्रीकर
उशी धरून खोकल्यावर तिला लगेच फरक वाटला. पट्टा काढून ठेवला. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय.

सुमन_आशाताई
मी आशा कार्यकर्ती आहे, बीड जिल्ह्यात. तुम्ही सगळ्या खुर्ची, लॅपटॉप बोलताय, माझ्या गावच्या बायांचं वेगळं आहे. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. सातव्या-आठव्या महिन्याची बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते. तिला बरगडी दुखते का विचारलं तर म्हणते, ताई, काय काय दुखतं ते सांगू? दुखतंय म्हणून तिला कुणी बसू देत नाही, खाडा धरला जातो.

म्हणून निघायच्या आधी मी प्रत्येकीचं माता-बाल कार्ड तिच्या पिशवीत घालते. जिथे फड असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते चालतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून. रक्तदाब, रक्त, लघवी सगळं बघतात. मी नवऱ्यालाही बसवून सांगते: तिला वर पोटात दुखलं, डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर मुकादमाला विचारत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. १०२ सुद्धा गरोदर बाईसाठीच आहे.

शेवंतीताईंनी लिहिलं ते मी आमच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, चालेल का?

शेवंती
सुमनताई, विचारायचं काय त्यात. जरूर वाचा. लागलं तर मी फोनवर बोलेन बायांशी.

पाटीपेन्सिल
मी प्राथमिक शाळेत शिकवते. मला बसून नव्हे, उभं राहून त्रास व्हायचा. चार तास फळ्यासमोर, मग बरगड्या आणि पाठ दोन्ही धरायच्या. मुख्याध्यापिकांना भीत भीत सांगितलं तर त्यांनीच नियम दाखवला. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात होतं (नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हे आहे) की बाईनं मागणी केली तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या अगोदरचा एक महिना तिला फार कष्टाचं किंवा खूप वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. त्या सहा आठवड्यांतही ती रजेवर नसेल तर हेच लागू आहे. मला वर्गात उंच स्टूल मिळालं. ही तरतूद जिथे लागू आहे तिथल्या बायांनी हे लेखी मागावं. सुट्टीचंही २०१७पासून २६ आठवडे झालंय, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात, पहिल्या दोन मुलांपर्यंत.

आशाताईंच्या बायांना हे कुणी देत नाही, हे वाचून फार वाईट वाटलं.

टेम्सकाठी
मी लंडनला असते. इथे तपासणी बहुतेक मिडवाइफ करते, प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवी बघतेच. बरगडीचं सांगितल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो डोकेदुखी आणि नजरेचा. मग पोट चाचपून बाळाचं डोकं कुठे आहे ते पाहिलं. माझं बाळ बसलेलं होतं, डोकं वर, म्हणजे आपल्याकडे ज्याला पायाळू म्हणतात तसं. डाव्या बरगडीखाली एक टणक गोळा सारखा टोचायचा, तो त्याचं डोकं होता. ३७व्या आठवड्यात रुग्णालयात बाहेरून हातानं बाळ फिरवलं. दुखलं, पण सोसण्यासारखं होतं. फिरलं आणि त्या संध्याकाळी कित्येक आठवड्यांनी मी पोटभर श्वास घेतला.

रानजाई
कालच्या तपासणीचं सांगते. रक्तदाब चांगला, लघवी चांगली. माझंही बाळ सध्या डोकं वर करून आहे, म्हणूनच उजवीकडे टोचतंय. आता ३२ आठवडे झालेत. यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं शांतपणे दिली. घरी आल्यावर शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, त्यांच्या ओळखीची सुईण पोट चोळून बाळ फिरवते. मी नाही म्हटलं, पण खरंच धोका असतो का?

डॉ. पंचगंगा
नाही म्हणालीस ते फार बरं केलंस. पोट चोळून बाळ फिरवायला गेलं तर वार सुटू शकते, नाळेला पीळ बसू शकतो. आम्ही फिरवतो तेव्हा आधी सोनोग्राफी, मग बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष, गर्भपिशवी सैल करायचं औषध, आणि गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशी तयारी ठेवतो. तेही ३६-३७ आठवड्यांनंतर, आणि प्रत्येकीला ते करता येत नाही.

३२व्या आठवड्यात डोकं वर असणं ही काळजीची गोष्ट नाही. २८व्या आठवड्याच्या सुमाराला साधारण चारातलं एक बाळ असं असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात. बहुतेक आपली आपण फिरतात. तेव्हा दुखण्याची जागा बदलेल, डोक्याचा टणकपणा जाऊन पायांच्या लाथा येतील.

आणि पहिलटकरणींचं बाळ बाळंतपणाच्या दोन-चार आठवडे आधी खाली ओटीपोटात उतरतं. पोट उतरलं म्हणतात ते. तेव्हा बरगड्या मोकळ्या होतात, जेवण जातं, श्वास पुरतो. लघवीला मात्र सारखं जावं लागतं. दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा कळा सुरू होईपर्यंत बाळ उतरत नाही, त्यांनी वाट बघत नाराज होऊ नये.

माईआजी
रानजाई, सुईणीला नको म्हणालीस ते उत्तम. आमच्या काळात दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्या होत्या, आणि पुष्कळ जणी हुशार होत्या. पण मी अशा पोट चोळण्यातून गेलेलं एक बाळ माझ्या माहेरी पाहिलेलं आहे. तू तुझ्या डॉक्टरांचंच धर. माहेरी कधी जातेस?

रानजाई
३५वा संपला की, माई. पुण्याला. डॉक्टरांनी सगळे कागद सोबत न्यायला सांगितलेत, तिथल्या डॉक्टरांकडे आत्ताच नाव घालून ठेवलंय.

निळीशाई
धाग्यात थोडं पुढचं विचारते. माझं बाळंतपण होऊन तीन आठवडे झाले. वाटलं होतं आता बरगड्यांचं संपलं, पण दूध पाजताना डाव्या बाजूला, पाठीकडून पुढे असं दुखतं. रक्तदाब चांगला आहे, बघून घेतला. हे का?

डॉ. पंचगंगा
रक्तदाब बघितलास हे योग्य केलंस. वाढत्या रक्तदाबाचा तो त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत सुद्धा होऊ शकतो, म्हणून डोकेदुखी आणि वरचं दुखणं अजूनही हलक्यात घ्यायचं नाही. धाप लागली, श्वासाबरोबर कळ आली तरी तसंच. बाकी मुक्ता सांगेल.

फिजिओ_मुक्ता
सैल झालेले अस्थिबंध लगेच घट्ट होत नाहीत, काही महिने जातात, आणि पुष्कळ जणींची छाती पूर्वीपेक्षा किंचित रुंदच राहते. त्यात आपण बाळाकडे वाकून दूध पाजतो, एका खांद्यावर भार, मान खाली. बाळ आपल्याकडे यायला हवं. मांडीवर दोन उशा घे, बाळ छातीच्या उंचीला येईल अशा. पाठ टेकलेली, पायाखाली पाट किंवा चौरंग. कोपराखालीही उशी. बाळानं स्तन धरला की खांदे मुद्दाम खाली सोड. रात्री कुशीवर आडवं होऊन पाजत असशील तर पाठीमागे लोड हवाच, नाहीतर पाठ अधांतरी राहते.

पोट बांधायची पद्धत घरात असेल तर कापड ओटीपोटावरच राहू दे, बरगड्यांपर्यंत गुंडाळू देऊ नकोस. भिंतीचा तो कुशीचा ताण आत्ताही कर, फक्त सिझेरियन झालं असेल तर टाक्यांना ओढ लागेल इतका नको. सिझेरियन झालंय का तुझं?

निळीशाई
नाही, साधं झालं. आजी कापड बरगड्यांपर्यंतच बांधत होत्या. आज दुपारी खाली बांधायला सांगते आणि चौरंग घेते पायाखाली.